ईमेलचे नियम सुधारायला निघालात? या चुका टाळा

इंदूरच्या मराठी मंडळींत देवनागरी ईमेल पत्त्याचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "शे-दोनशे सह्या गोळा करू आणि पाठवून देऊ." सह्यांनी गल्लीत नर्मदेचं पाणी येईलही, ईमेलचं मानक बदलत नाही.

ही मानकं आयईटीएफ (इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणारी खुली संघटना) ठरवते. तिथे सदस्यत्व नाही आणि मतदानही नाही. घरबसल्या कुणीही स्वतःच्या नावाने भाग घेऊ शकतो. 'ढोबळ सहमती आणि चालणारा कोड' हे इंटरनेटच्या जडणघडणीतले संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९९२ मध्ये मांडलेलं सूत्र आजही चालतं. पाच जणांच्या आक्षेपाला उत्तर मिळालं नसेल, तर शंभर जण बाजूने असूनही सहमती झाली असं धरत नाहीत. २०१४ च्या आरएफसी ७२८२ मध्ये (आरएफसी म्हणजे आयईटीएफचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) हे सविस्तर आलंय. आधी ते वाचा, मग डोकी मोजायची सवय सुटते.

दुसरी चूक म्हणजे भलत्या दारात तक्रार नेणं. देवनागरी पत्ता टाकला आणि फॉर्मने 'अवैध' म्हटलं, तर दोष बहुधा फॉर्म लिहिणाऱ्याचा. असे पत्ते चालवणारी मानकं २०१२ मध्येच आली, आरएफसी ६५३० पासून पुढची.

तिसरी चूक सगळ्यात महागात पडते: अडचण दाखवायच्या आधीच उपाय सुचवणं. 'बऱ्हाणपूरकर' हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र एक कीबोर्ड 'ऱ' आणि हलन्त वापरून लिहितो, दुसरा साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडक वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण सर्व्हरच्या लेखी दोन वेगळे पत्ते. एकाच अक्षराची वेगवेगळी सांकेतिक रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं एनएफसी हे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. ही खरी अडचण आहे आणि ती दोन ओळींत दाखवता येते. पण 'मानकातच दोन्ही एक धरा' असं म्हणालात की लगेच आक्षेप येईल: अ‍ॅट चिन्हाच्या डावीकडच्या भागाचा अर्थ फक्त पत्ता देणाऱ्या सर्व्हरने लावायचा, हा जुना नियम आहे. त्या सर्व्हरने दोन्ही रूपं एकाच खात्याला जोडावीत, मानक कशाला बदलायचं? मला हा आक्षेप बिनतोड वाटतो. मग मागणी बदला. सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी मार्गदर्शन मागा आणि दोन्ही रूपं स्वीकारणारा सर्व्हर चालवून दाखवा.

जुन्या वापराचा विसरही नडतो. डीमार्क म्हणजे आपल्या नावाने आलेल्या बनावट मेलचं काय करायचं, हे पत्त्याच्या मालकाने इतर सर्व्हरना सांगण्याची पद्धत. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपलं डीमार्क धोरण 'नाकारा' असं कडक केलं. बनावट मेल रोखायला ते ठीक होतं, पण समूह-पत्त्यांवरून पुढे जाणारे खरे मेलही परत येऊ लागले. त्यावर तोड म्हणून आलेलं एआरसी हे मानक २०१९ मध्ये छापलं गेलं, तेही प्रायोगिक म्हणून.

आणि सुचवलेल्या उपायावर तुमचं पेटंट असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. २००४ मध्ये पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याचं मानक ठरवणारा आयईटीएफचा मारिड गट मायक्रोसॉफ्टच्या पेटंट-परवान्याच्या वादात अडकला आणि सहमतीविनाच बंद झाला.

चर्चा अडली की विरोधकाचा मुद्दा तुमच्या शब्दांत लिहा आणि विचारा, "तुमचं म्हणणं हेच ना?" तो 'हो' म्हणेपर्यंत उत्तर लिहू नका.