कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन विकायला घेताना

कोल्हापुरातल्या चप्पल कारागिरांचा माल ऑनलाइन चढवून द्यायचं काम मी करते. या कामात नव्याने येणारे आधी फोटोंच्या मागे लागतात. मी म्हणते, आधी मापाचं बघा.

हाताने केलेल्या चपलेत एकाच नंबरच्या दोन जोडांत थोडाफार फरक पडतोच. दुकानात गिऱ्हाईक पाय घालून बघतं, इथे ती सोय नाही. म्हणून नुसतं '८ नंबर' लिहू नका. तळाची लांबी सेंटिमीटरमध्ये द्या. कागदावर पाय ठेवून टाचेपासून अंगठ्यापर्यंत कसं मोजायचं, तेही सांगा. चामडं वापरून सैल होतं, सुरुवातीला पट्टा घट्टच लागणार, हे ठळक लिहा. नाहीतर लोक एक नंबर मोठा मागवतात आणि जोड परत येतो. कॅश ऑन डिलिव्हरीत तर पार्सल दारातूनच माघारी फिरतं. कुरिअरचा भुर्दंड अनेकदा कारागिरावर, आणि पुढच्या चामड्याचे पैसे तेवढे दिवस अडकलेले. 'कारागिरांना तंत्रज्ञान जमत नाही' हे मला अजिबात पटत नाही. यूपीआयचा क्यूआर कोड त्यांनी कधीच लावलाय. ऑनलाइनला ते बिचकतात ते या अडकणाऱ्या पैशामुळे.

दुसरं, खोकं. बरेच कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात, येणारा आकडा किलोतलं वजन धरतात आणि ते खऱ्या वजनापेक्षा जास्त भरलं तर त्याचेच पैसे लावतात. ३२×२०×१२ च्या खोक्याचं वजन दीड किलोच्या वर धरलं जातं, आतला जोड कितीही हलका असो. तळाला तळ लावून तोच जोड ३०×१५×१० मध्ये बसवला, तर ९०० ग्रॅम. खोकं मापाने बनवून घ्या.

जीएसटीला घाबरून बरेच जण थांबतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीचा नियम सैल झालाय. मालाची वार्षिक उलाढाल नोंदणीच्या मर्यादेत, म्हणजे महाराष्ट्रात ४० लाखांच्या आत असेल, तर पॅनवर जीएसटी पोर्टलवरून एनरोलमेंट क्रमांक (पूर्ण नोंदणीऐवजीचा साधा क्रमांक) घेऊन ॲमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या साइटवरून राज्यातल्या राज्यात विकता येतं. बेळगाव आपल्याला पुण्यापेक्षा जवळ, पण ते कर्नाटकात. तिथे अशा साइटवरून विकायचं तर पूर्ण नोंदणी हवीच. म्हणून आधी पुण्या-मुंबईच्या ऑर्डरींवर हात बसू द्या, परत येणारे जोड कमी झाले की मग नोंदणीला लागा.