लिबईव्ही: क्लायंट तुटला की सीपीयू १०० टक्के

लिबईव्ही (कनेक्शनवर काही घडलं की आपलं फंक्शन बोलावणारी सी लायब्ररी) वापरून लिहिलेला माझा छोटा टीसीपी सर्व्हर दिवसभर गुमान चालायचा. एखादा क्लायंट तुटला की सीपीयू थेट १०० टक्के. कॉलबॅकमध्ये, म्हणजे लायब्ररी बोलावते त्या फंक्शनमध्ये, स्लीप घालून पाहिलं (मूर्खपणा, सगळे क्लायंट सांभाळणारा अख्खा लूपच थांबतो). दोन रात्री डोकं पिकलं.

शेवटी एसट्रेस (प्रोग्रामचे सिस्टम कॉल दाखवणारं टूल) लावला. रीड सारखा ० परत देत होता. ० म्हणजे समोरच्याने कनेक्शन बंद केलंय, पण वॉचर (कनेक्शनवर नजर ठेवणारा लिबईव्हीचा घटक) चालू असल्याने डिस्क्रिप्टर (त्या कनेक्शनचा नंबर) कायम 'वाचायला तयार' दिसतो.

रीडने ० दिला की आधी ईव्ही_आयओ_स्टॉप, मग क्लोज, शेवटी वॉचरची मेमरी फ्री. पहिल्या दुरुस्तीत मी नुसतं क्लोज केलं होतं; तोच नंबर पुढच्या क्लायंटला मिळाला नि जुना वॉचर त्याच्या मानगुटीवर बसला. रीडकडून -१ आणि ईअगेन (सध्या वाचायला काही नाही) आलं तर मात्र नुसतं रिटर्न करा, वॉचर चालू ठेवा.