तिसरा ‘खट्’

१९६७ च्या शेव्हरोले कॅमॅरो गाडीतला दोन गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून तीन गिअरचा टीएच-३५० घातला. जुना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) धडधाकट होता, म्हटलं तोच वापरू. बसेचना! स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवरचे दाते, मोजल्यावर डोक्यात प्रकाश पडला: पॉवरग्लाइडच्या शाफ्टला १७, टीएच-३५० ला ३०.

३० स्प्लाइनचा आणला, तरी घाई नडलीच. फिरवत आत ढकलताना दोनदा ‘खट्’ झालं आणि मी खूश. गिअरबॉक्स इंजिनाला लावताना मात्र कन्व्हर्टर फ्लेक्सप्लेटला (इंजिनावरची चकती, जिला कन्व्हर्टर जोडतात) टेकला, केसिंग पूर्ण जुळेना. बोल्ट आवळून ओढून घेतलं असतं तर गिअरबॉक्सच्या ऑइल पंपाचा चुराच. पुन्हा खाली उतरवला, सावकाश फिरवला, तिसरा ‘खट्’ आला, म्हणजे कन्व्हर्टर पंपात नीट बसला. आता कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटमधली फट ४ मिमी. ३ ते ५ चालते.

कन्व्हर्टरचा स्टॉल स्पीड (गाडी जागेवर धरून इंजिन जास्तीत जास्त जितक्या वेगाने फिरतं तो) कमीच ठेवला. मूळच्या इंजिनाला जास्त स्टॉल म्हणजे नुसतं ऑइल तापवणं.