अंगठ्याला मिरची लावण्याआधी: या चुका टाळा

बालवाडीत वीस वर्षं काढली. दर जूनमध्ये अंगठा चोखणारे तीन-चार बहाद्दर येतात आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्या आया, "बाई, आठ दिवसांत सुटेल असं काहीतरी सांगा ना." आठ दिवसांत लोणचंसुद्धा मुरत नाही.

पहिली चूक, वय न बघता युद्ध पुकारणं. बाळ पोटात असल्यापासून अंगठा चोखतं, सोनोग्राफीत दिसतंही. दोन महिन्यांचं बाळ मुठी तोंडात कोंबत मान इकडेतिकडे वळवत असेल तर ती बहुधा भूक असते. रडणं त्यानंतरचं. अशा वेळी हातमोजे घालू नका, दूध पाजा. पुढे बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपणहून सोडतात. दीड वर्षाच्या पोराच्या तोंडातून दर पाच मिनिटांनी अंगठा ओढून काढणाऱ्यांना मी एवढंच विचारते, तुम्हाला दुसरं काम नाही का?

आता मिरची. यावर मी बोलणारच, कारण हा गाढवपणा मी स्वतः केलाय. लेक तीन वर्षांची होती. शेजारच्या काकूंनी सांगितलं आणि मी हिरवी मिरची ठेचून तिच्या उजव्या अंगठ्याला चोळली. पोरगी दुपारी झोपली आणि झोपेत डोळे चोळले. ती किंकाळी अजून आठवते. पंधरा मिनिटं नळाखाली डोळे धूत होते, पण बोटांवरचा तिखटपणा तेलकट, नुसत्या पाण्याने जातो कुठला? ती पुन्हा हात डोळ्यांकडे नेई, पुन्हा आग. शेवटी साबणाने तिचे हात धुतले आणि रिक्षा केली. डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे पाहिलं. आणि रात्री? घाबरलेल्या पोरीने धीरासाठी डावा अंगठा तोंडात घातला.

कारलं, कडुनिंब यांनी डोळ्यांची एवढी आग होत नाही, पण मुलाला न विचारता लावलं तर तीही शिक्षाच. कोरफडीच्या पानातला पिवळा चीक तर जुलाब करतो, तो नकोच. अंगठ्याला दोरा किंवा चिकटपट्टी आवळून बांधू नका, रक्त थांबतं. आणि चोखणी मधात बुडवून देणाऱ्यांनो, वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको. त्यातून बॉट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाची बाधा, होऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते.

मी काय करते? आठवडाभर फक्त बघते. अंगठा कधी जातो तोंडात? झोपेच्या आधी, टीव्हीसमोर, कंटाळा आला की, घरात नवं भावंड आलं की. भावंडाच्या वेळी तर ही मोहीम काढूच नका, त्या पोराचं आईवरचं राज्य आधीच गेलेलं असतं. बाकी वेळी "काढ" म्हणत नाही, हातात कणकेचा गोळा देते. दोन्ही हात गुंतले की अंगठा आपोआप बाहेर. पाहुण्यांसमोर "शी, बाळ आहेस का?" म्हणणाऱ्या घरांत अंगठा सुटत नाही, फक्त गोधडीखाली जातो.

नखं मात्र कापत चला. नखुरडं झालं की पोर रात्रभर कण्हतं.

याच्या उलटही एक जात आहे, "सुटेल आपोआप" म्हणत सात वर्षं थांबणारी. आमच्याकडून शाळेत गेलेला एक मुलगा नंतर भेटायला आला, तर पेरू दाढांनी फोडत होता. समोरचे दात एकमेकांना टेकतच नव्हते, मध्ये अंगठ्याएवढी फट. कायमचे पुढचे दात साधारण सहाव्या वर्षी येऊ लागतात. म्हणून चार वर्षं उलटूनही जोरात, चक-चक आवाज करत चोखणं चालू असेल, अंगठ्यावर घट्टा पडला असेल, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. वरच्या दातांमागे बसवायची तार असते, पण मुलाचं स्वतःचं मन झाल्याशिवाय तिची घाई मला पटत नाही.

रात्रीसाठी माझा एकच उपाय. सुती मोजा, त्यानेच निवडलेला, हातात घालून झोपायचं. सकाळी तो पायथ्याशी पडलेला सापडतो. सापडू दे, रात्री परत घालायचा.