क्लिपा निघाल्या, मागची तार राहिली: या चुका टाळा

दात सरळ करायच्या क्लिपा काढल्या की ते पुन्हा सरकू नयेत म्हणून पुढच्या सहा दातांमागे एक बारीक तार सिमेंटने चिकटवतात. माझी खालची तार सुटली, ते मला तीन महिने कळलंच नाही. जिभेला एका जागी खरखरीत लागत होतं. वाटलं, कीट धरलं असेल. मग एके दिवशी आरशात पाहिलं तर पटाशीचा एक दात शेजारच्याकडे पाठ करून वळलेला. तार जागच्या जागीच होती. सुटलं होतं ते फक्त त्या एका दातावरचं सिमेंट. उरलेल्या पाच दातांनी तार घट्ट धरून ठेवली होती, म्हणून ती हलतही नव्हती.

आमच्याकडे सगळ्यात जास्त घडणारी चूक हीच: तार तुटली तर कळेलच, असं समजणं. तुटली तर टोचते, कळतं. एका दातावरून सुटली तर काहीच होत नाही, आणि दात मात्र सरकत राहतो. म्हणून पंधरवड्यातून एकदा मोबाइलचा टॉर्च लावून, छोट्या आरशात सहाही दातांमागचे सिमेंटचे ठिपके मोजा. स्वच्छ नखाने प्रत्येक दाताजवळ तार हलकेच दाबा. कुठे ती हलली, थुंकीचा बुडबुडा आला किंवा सिमेंटखालून फ्लॉसचा (दातांच्या फटी साफ करायचा) धागा आरपार गेला, तर तिथे सुटलेली आहे.

दुसरी चूक, ‘वर्ष झालं, आता काढून टाका’ म्हणणं. क्लिपांनी दात हलवले की हिरडीतले ताणलेले तंतू त्यांना जुन्या जागेकडे ओढतात, आणि ते नव्या जागी रुळायला वर्षभरही लागू शकतं. पण गोष्ट तिथे संपत नाही. ज्यांनी जन्मात क्लिपा लावल्या नाहीत, त्यांचेही खालचे पुढचे दात वयाबरोबर दाटीवाटीने उभे राहतात. म्हणून ही तार बरीच वर्षं ठेवतात. दात पुन्हा वाकडे झाले की घरातली मोठी माणसं अक्कलदाढेवर बोट ठेवतात. तिचा त्यात मोठा हात असल्याचा ठोस पुरावा काही मिळालेला नाही, पण ती बिचारी मागे बसलेली, कुणीही नाव घ्यावं.

आता स्वच्छतेचं. खालच्या पुढच्या दातांमागे कीट लवकर जमतं, कारण जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात आणि लाळेतले क्षार प्लाकवर, म्हणजे दातांवरच्या चिकट थरावर, बसून त्याचा दगड होतो. बोअरच्या पाण्याला दोष देऊन उपयोग नाही, फिल्टर बसवला तरी हे होणारच. तार असली की ब्रशला अडथळा, त्यामुळे काम दुप्पट. नुसता ब्रश पुरत नाही. फ्लॉसचा धागा वरून घालता येत नाही, तारेखालून ओवावा लागतो. त्यासाठी प्लास्टिकची सुई येते, ती मेडिकलमध्ये नसेल तर टोक कडक असलेला फ्लॉस मागवा. दातांच्या फटीत जाणारा बारीक इंटरडेंटल ब्रशही चालतो. बामणोदच्या वांग्याचं भरीत मऊ, तारेला त्याचं भय नाही, पण त्यातल्या बिया आणि कांद्याची पात तारेखाली असं घर करतात की रात्री आरशासमोर पाच मिनिटं जातातच. काडी किंवा सेफ्टीपिन खुपसून ते काढू नका, सिमेंटची कड उचलते. दर सहा महिन्यांनी दात साफ करून घ्या. ‘साफ केले की दात हलायला लागतात’ हा समज खोटा आहे. आधीच सैल झालेले दात कीट निघाल्यावर जाणवतात, एवढंच.

खाण्यात भाकरीचा, शेवभाजीचा प्रश्न नाही. धोका पुढच्या दातांनी तोडण्याचा: शेतात बसून सोललेला ऊस, सुपारी, बट्टीची कडक कड, कडुलिंबाचं दातण. ऊस खायचाच तर विळ्याने गंडेऱ्या करून दाढेखाली घ्या. वरच्या दातांमागे तार असेल तर जास्तच जपा, कारण खालचे दात चावताना तिच्यावर आपटतात.

आणखी एक प्रकार आहे, तो थोडा भीतीदायक. सिमेंट शाबूत, तार शाबूत, तरीही एखादा दात विचित्र तिरपा होतो किंवा त्याची हिरडी खाली सरकून मूळ दिसू लागतं. तार कुठे वाकली किंवा पिळली गेली की ती शांत बसत नाही, दाताला ढकलत राहते. अशा वेळी ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणू नका. ती तार काढावी लागते, कधी थोड्या दिवसांसाठी पुन्हा क्लिपाही लावाव्या लागतात.

शेजारच्या मुलाचा मला फोन आला होता, ‘ताई, तार तुटनी, आते काय करू?’ तेव्हा त्याच्या हातात नेलकटर होतं. नेलकटर, पक्कड, फेविक्विक, तिन्ही दूर ठेवा. टोचणाऱ्या टोकावर क्लिपांसाठीचं मेण लावा. तार बोटांनी सरळ करू नका. सोबत काढता-घालता येणारा पारदर्शक रिटेनर (दात जागेवर धरून ठेवणारा साचा) दिला असेल आणि तो अजून बसत असेल, तर डॉक्टर भेटेपर्यंत रात्री तो घाला, जबरदस्ती मात्र नको. तो गरम पाण्याने धुऊ नका आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवरही ठेवू नका, आकार बिघडतो. तुकडा गिळला गेला तर बहुधा आपोआप बाहेर पडतो, पण खोकला थांबत नसेल किंवा श्वास अडत असेल तर थेट दवाखाना गाठा.

तालुक्याच्या गावी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे क्लिपा लावणारे डॉक्टर, ठरावीक वारीच येतात, आणि पोरं बारावीनंतर पुण्या-नाशकाला जातात. तार इथली, तपासणारा तिथला. जाण्याआधी क्लिपा काढल्यानंतरचे फोटो आणि दातांचा साचा किंवा स्कॅन मागून घ्या, म्हणजे नव्या डॉक्टरला दात मुळात कुठे होता ते दिसतं. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. नव्या डॉक्टरांनी दात होता तिथेच तार पुन्हा चिकटवली, आणि तो अजूनही थोडासा पाठ करूनच उभा आहे.