एसबीएफ गढूळ होत होतं, ते असं थांबलं

सिम्युलेटेड बॉडी फ्लुइड (एसबीएफ, म्हणजे रक्तद्रवासारखे क्षार असलेलं प्रयोगशाळेतलं द्रावण) करताना ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारा बफर) टाकलं की द्रावण दुधाळ व्हायचं. कारण घाई: एकदम टाकलं की तिथल्या तिथे पीएच उसळतो आणि कॅल्शियम फॉस्फेट खाली बसतं.

आता प्लॅस्टिकच्याच बीकरमध्ये 700 मिली पाणी 36.5 अंशांवर धरतो. कॅल्शियम क्लोराइडच्या आधी 1 मोलर एचसीएल (हायड्रोक्लोरिक आम्ल) 39 मिली, हे चुकवायचंच नाही. ट्रिस चिमूट-चिमूट, पीएच 7.45च्या वर जाऊ न देता, शेवटी 36.5 अंशांवर 7.40.

नागपूरच्या मे महिन्यात खोलीच 40च्या पुढे जाते, आणि साधा वॉटर बाथ काही थंड करत नाही! तापमान वाढलं की ट्रिसचा पीएच दर अंशाला सुमारे 0.03ने घसरतो, म्हणून एसी लावूनच बसा. पावसाळ्यात कॅल्शियम क्लोराइड ओल ओढतं, वजन झटपट करा. गढूळलेलं द्रावण गाळून वापरू नका. त्यातलं कॅल्शियम आधीच कमी झालेलं असतं.