फळझाडं फळत नाहीत? आधी बुंध्याशी वाका. परसबागेतल्या या चुका टाळा

"झाड मस्त वाढलंय, पण फळ काही धरत नाही." दर आठवड्याला कोणी ना कोणी मला हे विचारतं आणि सोबत फोटो पाठवतं. फोटो कायम शेंड्याचा. मी म्हणते, बुंध्याचा पाठवा. मग दोन दिवस शांतता, कारण बुंध्याशी मातीचा ढीग, पालापाचोळा आणि कसलेकसले फुटवे माजलेले असतात. उष्ण हवेत झाडाला वाढायला कोणी शिकवावं लागत नाही, ते बारा महिने वाढतं. पण काय वाढतंय, हे तरी बघाल की नाही?

खुंटाचे फुटवे वाढवणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझ्या पहिल्या मोसंबीचं कलम लावून दीडेक वर्ष झालं असेल. बुंध्यातून एक फांदी उसळली. सरळसोट, बोटभर जाड, गडद हिरवी, काटे चांगले टोचरे. बाकीचं झाड तिच्यापुढे अगदी मरतुकडं दिसायचं. मी हरखून गेले. शेजारच्या काकांना बोलावून दाखवली. तेही म्हणाले, "वा, आता धरलान् जोर!" नव्या फांदीला ऊन कमी पडतंय म्हणून मी जुन्या दोन फांद्या छाटूनही टाकल्या.

चौथ्या वर्षी फळं आली. पिवळीजर्द, जाड खरबरीत सालीची. एक फळ कापून फोड तोंडात टाकली आणि डोळेच मिटले. जंबेरी, ते आंबटढाण लिंबू! मोसंबीचा डोळा ज्या खुंटावर, म्हणजे खालच्या मुळं असलेल्या झाडावर, बांधला होता, तो खुंट मी चार वर्षं खतपाणी घालून पोसला होता. मोसंबी मात्र माझ्याच कात्रीने गेली होती.

कलम म्हणजे एकावर एक बसवलेली दोन झाडं. जोडाच्या जागी बुंधा किंचित वाकडा किंवा फुगीर असतो, साल खालीवर वेगळी दिसते. तो जोड शोधा. त्याच्या खालून जे फुटेल ते खुंटाचं. मुळं त्याचीच, त्यामुळे रेटा भारी. संत्रं-मोसंबीत काटे आणि पानांवरून संशय तरी येतो. आंब्यात खुंटही आंब्याचाच, पान बघून कळायचं नाही. तिथे जोड हीच खूण. आणि हो, बियांपासून केलेलं लिंबू किंवा गुटीचा (फांदीलाच मुळं फोडून केलेला) पेरू असेल तर हा प्रश्नच नाही, त्यांना खुंट नसतो. उगाच सगळं खरवडत बसू नका.

मी दर रविवारी सकाळी बुंध्यावरून अंगठा फिरवते. कोवळा फुटवा नुसता दाबला की निघतो. कात्री वापरत नाही, कारण कात्रीने थोटूक मागे राहतं आणि तिथून पुन्हा दोनतीन फुटवे येतात. मोठा झालेला फुटवा खाली ओढून बुडासकट काढायचा. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टीही याच फेरीत बघून घ्या. जोड पक्का झाल्यावरही ती तशीच राहिली की बुंध्याला फास बसतो.

खोल लावणं आणि बुंध्याला माती चढवणं

लोकांना वाटतं, खोल लावलं की झाड घट्ट बसेल. खड्डा खणतात, त्यात भसाभस शेणखत भरतात, वर रोप ठेवतात. दोन पावसांत खत कुजून खड्डा खचतो आणि झाडही खाली जातं. मग भोवतीची माती ओढून आणखी पुरतात. जोड मातीत गेला की झालंच. म्हणून मी कलम उंचवट्यावर लावते, जोड जमिनीपासून वीतभर वर ठेवून.

लिंबूवर्गात याची शिक्षा म्हणजे डिंक्या. बुंध्याच्या सालीवर तांबूस डिंकाचे थेंब दिसतात, साल उभी तडकते, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात. ही फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जिवाची करणी, आणि त्याला साचलेलं पाणी प्रिय. शेजारच्या त्याच काकांनी पिवळी पानं बघून पाणी दुप्पट केलं. मी जाऊन माती उकरली तेव्हा साल बोटाने सोलली जात होती, चारी बाजूंनी. तिथे उपाय उरत नाही.

एकाच बाजूला लागण असेल तर झाड वाचू शकतं. माती मागे ओढा, सडकी साल धारदार चाकूने निरोगी भागापर्यंत खरवडा आणि बोर्डो पेस्ट हा रोग रोखणारा लेप लावा. 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), 100 ग्रॅम चुना, 1 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, प्लॅस्टिकच्या भांड्यात. लोखंडी बादली चालत नाही. आच्छादनाचा पालाही बुंध्यापासून वीतभर लांब ठेवा.

रोज तांब्याभर पाणी

तेही बुंध्यावर! पाणी शोषणारी बारीक मुळं फांद्यांच्या टोकांखाली पसरलेली असतात. आळं दरवर्षी बाहेर सरकवत न्या आणि पाणी क्वचित पण पोटभर द्या. दुसरं असं की जिथे कडक थंडी पडत नाही, तिथे लिंबूवर्गाला फुलायला कोरडा ताण लागतो. मोठ्या झाडाचं पाणी तोडा. दुपारी पानं मलूल दिसू लागली की आधी थोडं, मग हळूहळू नेहमीइतकं पाणी सुरू करा. रोज पाजलेलं झाड पालवतच राहतं. लहान रोपाला मात्र ताण देऊ नका, ते मरेल.

युरिया

फळ नाही म्हणून युरिया टाकणारे खूप आहेत. त्याने पानं येतात. पानंच हवी असतील तर अळू लावा.

सगळ्या झाडांना एकच कात्री

पेरूला फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून छाटला की तो फळतो. हे बघून लोक आंब्यालाही मोहोराच्या तोंडावर छाटतात. आंब्याचा मोहोर पक्व काडीच्या शेंड्यातून निघतो, म्हणजे तुम्ही मोहोरच कापला. आंबे उतरवले की लगेच काय ती छाटणी करून घ्या.

पहिल्याच वर्षी फळ हवं

कंबरेएवढ्या कलमाला मोहोर आला की फोटो निघतात. मी तो पहिली तीन वर्षं चिमटीने खुडून टाकते. घरातले हळहळतात, हळहळू देत. इवल्या झाडाने दोन आंबे पोसले की त्याची वाढ खुंटते. नर्सरीत फळ लटकलेलं रोप दिसलं की तेच उचलणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

भर मोहोरात कीटकनाशक

मधमाश्या मरतात. मग फळ धरणार कसं?

एकच पपई लावणं

बियांतून नर निघाला तर वर्ष फुकट, आणि लहानपणी नर-मादी ओळखता येत नाही. एका खड्ड्यात तीन रोपं लावा आणि फुलं येईपर्यंत थांबा. लांब लोंबत्या दांड्यावर फुलांचे घोस आले तर तो नर. मादीची फुलं मोठी, खोडाला चिकटून, एकेकटी किंवा दोनतीन. मादी ठेवायची आणि आसपास परागासाठी एखादा नर असू द्यायचा. खड्ड्यातली बाकीची रोपं उपटताना शेजारची मुळं हलतात, म्हणून मी ती जमिनीलगत कापते.